पिठातलं पाऊल

टोपल्याच्या विणीतली एक काडी तुटली होती आणि त्या फटीतून आतलं पीठ दिसत होतं — दिसत होतं म्हणजे काय, पांढुरकं काहीतरी, शेजारच्या दिव्यामुळे पिवळट झालेलं, सुपारीएवढं — आणि माणिकबाई त्या सुपारीएवढ्या पिठाकडे उजाडल्यापासून टक लावून बसली होती. जरा वाकलं, डोळा फटीला लावला, की सगळी परात दिसली असती. पण नत्थुजी आल्याशिवाय टोपलं उचलायचं नाही, डोकावायचं तर नाहीच, असा दंडक. मेला दंडक. नवरा माझा, परात माझी, पीठ माझ्या हातानं चाळलेलं, आणि पाहायचं मात्र शेजारच्या नत्थुजीनं आधी!

जिथं माणसानं शेवटचा श्वास सोडला तिथं दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी पीठ चाळून ठेवायचं आणि वर टोपलं झाकायचं. रात्रीतून आत्मा येतो म्हणतात, आणि पुढे कुठल्या जन्माला चालला त्याची खूण पिठावर ठेवून जातो. गाईचा खूर उमटतो, पाखराचा पंजा उमटतो, माणसाचं पाऊलही उमटतं. आणि काहीच उमटलं नाही, पीठ जसंच्या तसं राहिलं, तर मग सोन्याहून पिवळं. जीव सुटला, आता पुन्हा येणं नाही.

घरात सगळ्यांना कोरं पीठ हवं होतं. गजेंद्र, तिचा मुलगा, रोज त्या दिव्यापुढे हात जोडून तेच मागत होता, “बाबाले मुक्ती भेटू दे.” सून माया तेच म्हणायची. भेटायला येणारे तेच म्हणून जायचे, आणि वर सांगायचे, माणिकबाई, रडू नका, रडलं की त्यांचा जीव अडकतो. ती मान डोलवायची, डोळे पुसायची… आणि मनात म्हणायची, अडकू दे.

तिला खूण हवी होती. कसलीही. बैलाचा खूर चालला असता. मांजराचा पंजा तर फारच बरा, मांजर निदान घरात फिरतं, चुलीपाशी येऊन बसतं. फक्त कोरं नको. कोरं म्हणजे महादेवराव कुठंच नाही — या गावात नाही, दर्यापूरच्या बाजारात नाही, अमरावतीच्या फुलांच्या गाळ्यांत नाही, कुणाच्या गोठ्यात नाही, कुठल्या झाडावर नाही. असं कसं कुठंच नाही?

महादेवरावांना मात्र तेच हवं होतं, हीच तर पंचाईत. कीर्तन कुठंही असो, हा माणूस हजर. मागच्या दसऱ्याच्या आधी मळ्यात झेंडू तोडताना म्हणाले होते, “गजूची माय, आता पुन्हा येणं नको बाप्पा. आत्म्याले मरण नाई, ठीक हाय, पण त्याले बी कधी तरी सुट्टी पायजे का नाई?”

“अन् मी?”

“तू काय?”

“मले नाई भेटली सुट्टी तं? मी आली परत, अन् तुमी नाई आले, मंग मी कोणाच्या घरी नांदू?”

ते इतके हसले की ओच्यातली फुलं सांडली. “तू बी सुट ना मंग!”

“मले नाई सुटायचं,” ती म्हणाली होती. आणि ते खरंच होतं. कीर्तनकारबुवा सांगायचे, जन्माला येण्याचा हेतू एकच, पुन्हा जन्माला न येणं. हे तिला कधीच पटलं नाही. इतक्या लांबून यायचं, नऊ महिने अंधारात काढायचे, दात यायचे, दात पडायचे, आणि हे सगळं कशासाठी, तर परत यायला लागू नये म्हणून? मग आलोच कशाला? तिला तर इथलं सगळं आवडत होतं. पहाटेच्या ओल्या झेंडूचा वास, हात कितीही धुतले तरी न जाणारा. नव्या ज्वारीची पहिली भाकर. बशीतला चहा. आणि बशीतला चहा फुर्र करून पिणारा तो माणूस, ज्याच्या पाठीला खाज सुटली की बोट नेमकं कुठं लावायचं हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं… त्या जागेचं आता काय करायचं?

आणि गेले तरी कसे. रोज पहाटे फुलांची गाठोडी जीपवर चढवून अमरावतीला निघताना उंबऱ्यातून म्हणायचे, “येतो.” ती आतून म्हणायची, “सावकाश या.” पाऊस असो, भांडण झालेलं असो, अबोला असो, हे दोन बोल चुकायचे नाहीत. निघणाऱ्या माणसाला ‘जा’ म्हणायचं नसतं, हे तिच्या आईनं तिला परकराच्या वयात शिकवलं होतं. त्या दिवशी दुपारी त्यांनी पाणी मागितलं. ती पाणी घेऊन आली तेव्हा ते निघून गेले होते. अख्ख्या संसारात पहिल्यांदा हा माणूस ‘येतो’ न म्हणता गेला. याचा राग होता तिला. दुःख लोकांना दिसत होतं, राग कुणाला सांगायचा?

“वहिनी, सरका जराशा,” नत्थुजी आले होते. मागं गजेंद्र, माया, भावकीतले दोघेतिघे. आणि दाराच्या चौकटीला टेकून आकांक्षा, गजेंद्रची मुलगी, अकोल्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पणतवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय जात नाही असं महादेवराव तिला सांगून चुकले होते. दिलेला शब्द पाळायचा नाही हीसुद्धा नवी सवय लागली होती त्यांना शेवटी शेवटी.

नत्थुजींनी हात जोडले आणि टोपलं उचललं.

मग नत्थुजींनी चष्मा कपाळावर चढवला, परातीवर वाकले, आणि ओरडलेच. “पाऊल! लेकराचं पाऊल हाय, वहिनी! माणसाचा जलम!”

माणिकबाईनं पाहिलं. पिठाच्या मधोमध, बोटभर खोल, एक इवलंसं पाऊल. टाच गोल, तळवा जरा रुंद. तिच्या छातीत काहीतरी असं उसळलं की तिला भिंत धरावी लागली — आले! अवो, आले तुम्ही! — आणि त्याच क्षणी, त्या उसळण्याच्या आतच, तिला पावलाच्या कडेची खाच दिसली.

ती खाच तिच्या ओळखीची होती.

“बोटं नाई दिसत पण, काका,” गजेंद्र म्हणाला.

“येतीन ना बाप्पा बोटं! अजून दिवस कुठी भरले हायेत तिचे?” नत्थुजींनी आकांक्षाकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनीच तिच्याकडे, तिच्या पोटाकडे पाहिलं. मायानं तोंडावर पदर घेतला. आणि गजेंद्र, इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी सगळी क्रियाकर्मं करणारा गजेंद्र, फरशीवर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. “बाबा… बाबा घरीच येऊन राहिले.”

आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

भाकरीचं पीठ परातीत चाळलं की त्यात मुठीनं खळगा करायचा आणि त्या खळग्यात आधणाचं पाणी ओतायचं. हे तिनं किती वेळा केलं असेल याला काही गणती नाही. काल संध्याकाळी पीठ चाळून झालं, मायानं आतून हाक मारली, दिव्यात तेल घातलं का म्हणून, आणि हिचा हात… हो, हात गेला होता. आता आठवतंय. मूठ वळली होती आणि पिठात टेकली होती. मग टोपलं ठेवलं आणि उठली. उजव्या हाताची करंगळी विळ्यानं कापली तेव्हापासून पुरती मुडपत नाही, म्हणून मुठीच्या कडेला खाच. दर भादव्यात महालक्ष्म्यांची पावलं ती याच मुठीनं उमटवायची, दारापासून थेट आतपर्यंत, वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके. काल ठिपके द्यायचे तेवढे राहिले.

सवयीनं झालं. सवयीनंच झालं ना? की हाताला माहीत होतं मनात काय आहे? मी मुद्दाम केलं नाही, देवाशप्पथ नाही… पण मग उठताना, टोपलं झाकताना, एकदा तरी खाली का नाही पाहिलं मी?

माणसं दहाव्यासाठी नदीवर गेली. दिवस आपला नेहमीसारखा चढला. मायानं शेजारणींना सांगितलं, शेजारणींनी गावाला सांगितलं, आणि आकांक्षाच्या फोनवर अकोल्याहून तिची सासू दिसू लागली, हसताना, डोळे पुसताना. माणिकबाईनं फोनकडे पाहून हात हलवला आणि परात उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवली, वर पुन्हा टोपलं. ते पीठ मुंग्यांना घालायचं असतं. घालवत नव्हतं. दोनदा तिनं टोपलं उचलून पाहिलं आणि दोन्ही वेळा, सगळं ठाऊक असूनही, मनात ‘आले!’ म्हणून गेली. खोटं आहे हे माहीत असूनही इतका आनंद होतो, याला काय म्हणावं?

दुपारी आकांक्षा मागच्या अंगणात आली. हळूहळू, कमरेवर हात ठेवून, आजीच्या शेजारी खाटेवर टेकली. मग परातीवरचं टोपलं बाजूला करून बराच वेळ पाहत राहिली.

“आजी,” ती म्हणाली, “काटा अजून निघाला नाई वाटते.”

ही पोरगी चार-पाच वर्षांची असताना महालक्ष्म्यांच्या पावलांवर ओणवी होऊन विचारायची, आजी, लक्ष्मीच्या पायात काटा रुतला काय वं? आणि महादेवराव गंभीरपणे सांगायचे, हो ना, आपल्या मळ्यातून आली ना थे, गुलाबाचा रुतला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी आकांक्षा हसली, मग माणिकबाईला आवरेना. तोंडात पदर कोंबून, दहाव्याच्या दिवशी, सुतकाच्या घरात, दोघी खिदळत राहिल्या. हसता हसता माणिकबाईला रडू फुटलं आणि तिनं तेही आवरलं नाही.

“मुद्दाम केलं का तू?”

“मले नाई माहीत वं माय,” ती म्हणाली. हे सगळ्यात खरं उत्तर होतं.

आकांक्षा पोटावर हात फिरवत म्हणाली, “सासूबाई म्हणून राहिल्या, आता मुलगाच. नावबी ठरवलं, महादेव. अन् मले सारखं वाटते पोरगी आहे. मंग ती आल्यावर सगळे तिच्याकडे पाहतीन अन् तिच्यात आबाले शोधतीन. तिले कोण पाहीन, आजी?”

माणिकबाईनं स्वतः सकाळपासून तेच केलं होतं. मनात त्या पोराला मांडीवर घेऊन झालं होतं, बशीत चहा ओतून झाला होता, पाठीवरची ती जागा खाजवूनसुद्धा झाली होती. आणि तिला एकदम दिसलं, खरंच आले तरी ते कुणाला ओळखणार आहेत? तिच्याकडे पाहतील ते एका सुरकुतलेल्या म्हातारीकडे पाहतील. गाठोडं कसं बांधायचं हे विसरलेले, ‘गजूची माय’ विसरलेले, मागच्या दसऱ्याचं हसणं विसरलेले. आत्मा तोच असेल, असेलही, बुवा खोटं कशाला बोलतील… पण मला आत्मा कुठं हवा होता? आत्मा अमर आहे, त्याचं बरं चाललंय. मला महादेवराव पाहिजे होते. जे अमर नव्हते ते.

तिनं अंगणामागच्या मळ्यातल्या झेंडूच्या ओळींकडे पाहिलं. नवीन कळ्या धरल्या होत्या. तोडायला कोण येणार होतं, तीच.

“गजू आला की मी सांगतो त्याले,” ती शेवटी म्हणाली.

“बाबा लय रडले ना सकाळी. किती बरं वाटलं त्याइले.”

“हो ना.” तिच्या डोळ्यांपुढे तो फरशीवर बसलेला गजू आला, आणि सांगणं किती जड आहे ते कळलं. “तरी सांगतो. पह्यले जेवू दे त्याले.”

ती खाली बसली आणि परात पुढे ओढली. मूठ वळून एकदा त्या पावलात ठेवली. बरोबर बसली. मग तिनं तळहात पिठावरून फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि पीठ सपाट झालं. मुंग्या आधीच परातीच्या काठाला आल्या होत्या.

“आजी, हात आण, लवकर!” आकांक्षानं तिचा पिठाळलेला हात ओढून पोटावर ठेवला. आत कुणीतरी लाथ मारली, चांगली जोरात. माणिकबाईच्या ओठांवर नाव आलं होतं. ते तिनं घेतलं नाही. कोण गं तू, असं नुसतं मनात विचारलं, आणि उत्तराची घाई केली नाही.

गल्लीच्या तोंडाशी जीप वळल्याचा आवाज आला. नदीवरून माणसं परतली होती. माया आतून पाण्याच्या बादल्या आणायला धावली. माणिकबाईनं हात तिथंच राहू दिला. त्या जीपच्या आवाजात कानाला सवयीनं उंबऱ्यातला तो एक शब्द हवा होता… तो आला नाही, येणार नव्हता. राग शोधला, तर तोही कुठं सापडेना. अवो, निघालाच आहात तर निघा. मी नाही अडवत. जन्मात कधी म्हटलं नाही ते आज म्हणते, ऐका.

सावकाश जा.