वरच्या फळीवरचे पाहुणे

मित्रांनो, मी शिडी. सागवानी, वजनदार आणि थोडी कुरकुरणारी. ही कुरकुर म्हातारपणाने आली असं समजू नका, ती जन्मापासूनचीच आहे! रे रोडच्या वखारीतल्या लाकडातून सीताराम सुताराने मला घडवलं आणि गिरगावात अप्पांच्या नव्या पुस्तकांच्या दुकानात आणून टेकवलं. अप्पा तेव्हा पंचविशीतले. असे भराभर चढायचे की माझाच जीव वरखाली व्हायचा.

दुकान चाललं. चाललं कसलं, धावलं! अप्पांनी परळला शाखा काढली, मग लालबागला, मग दादरला. जून लागला की डिलाईल रोडच्या चाळींतले बाप पोरांना घेऊन परळच्या दुकानात रांग लावायचे. वह्या-पुस्तकांना ब्राऊन पेपरचं कव्हर तिथेच घालून मिळायचं. दादरला शिवाजी पार्कवर फिरून आलेली पेन्शनर मंडळी उभ्या उभ्या निम्मं पुस्तक वाचून काढायची. हे सगळं मी गिरगावात बसून ऐकायची आणि फुगायची.

अप्पांची एक खोड होती. या धंद्याची रीत अशी की न खपलेली पुस्तकं ठरल्या मुदतीत प्रकाशकाला परत पाठवायची. सगळे दुकानदार पाठवतात. अप्पांना मात्र त्याची लाज वाटायची. घरी आलेल्या पाहुण्याला कधी निघताय म्हणून विचारतात का, असं म्हणत ते ती पुस्तकं उचलायचे, माझ्यावर चढायचे आणि सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन बसवायचे. लेखक मंडळी त्यांचं तोंडभर कौतुक करायची.

मग गिरण्या बंद पडल्या. लालबागची शाखा गेली, मागोमाग परळची. लोक घरबसल्या मोबाईलवरून पुस्तकं मागवायला लागले, तशी दादरचीही गेली. प्रत्येक दुकान मिटलं की तिथली उरलेली पुस्तकं टेंपोतून गिरगावात यायची आणि माझ्यावरून वर जायची. दर दसऱ्याला कोणीतरी चढून पुस्तकांच्या पाठी फडक्याने पुसायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, नमस्कार करून उतरायचं. पुस्तक बाहेर काढून उघडलं मात्र कोणीच नाही.

अप्पा थकले तेव्हा त्यांची लेक मृणालिनी बँकेतली नोकरी सोडून गल्ल्यावर बसली. तिने पेनं ठेवली, फायली ठेवल्या, शाळेच्या प्रोजेक्टचे चकचकीत कागद ठेवले. तरी दुकानाचा जीव जूनमधल्या शाळेच्या पुस्तकांत. यंदा तो माल उधारीवर द्यायला कोणी तयार होईना. शेवटी धनेश नावाचा एक व्यापारी म्हणाला, आता कुठे न मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांना गिऱ्हाईक आहे. वरची पुस्तकं धड असतील तर मला द्या, बदल्यात जूनचा माल घेऊन जा.

अप्पा रुसले. जेवेनात. दुकान टिकवायचं असेल तर हा एकच रस्ता उरलाय, असं मृणालिनीने त्यांना स्पष्ट सांगितलं. तेव्हा कुठे ते कबूल झाले, पण पाहुण्यांना निरोप द्यायला मी उभा राहणार, म्हणाले.

मृणालिनी चढली. अप्पांनी खालून मला धरलं. तिने पहिलं पुस्तक ओढलं, तर नुसती पाठ हातात आली आणि बाकीचं भुरभुरत अप्पांच्या डोक्यावर पडलं. वाळवी! दुसरं ओढलं, तेही तसंच. मला सरकवत सरकवत तिने अख्खी फळी पाहिली.

"एक तरी धड आहे का गं?" अप्पांनी विचारलं.

"नाही, अप्पा. एकही नाही."

"मी सांभाळली होती गं ती."

"नुसती ठेवली होती, अप्पा. आपण सगळ्यांनीच." एवढं म्हणून ती माझ्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. अप्पा तसेच उभे राहिले. डोक्यावरची माती त्यांनी झटकलीसुद्धा नाही.

धनेश आला, चुकचुकला, निघून गेला. जूनचा माल आला नाही आणि दुकान गेलं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. मला अप्पांच्या चाळीच्या गॅलरीत आणून ठेवलंय, माझ्यावर टॉवेल वाळतात. अप्पा शेजारी खुर्ची टाकून दिवसचे दिवस नुसते बसून असतात. फार वाईट वाटतं हो. मला धड रडताही येत नाही, नुसती कुरकुरते.

परवा मृणालिनीने त्यांच्यासाठी एक नवं कोरं पुस्तक आणलं. किती हौसेने आणलं होतं बिचारीने! अप्पांनी ते उघडलंही नाही. तिच्या हातात परत देत म्हणाले, "कोणाला तरी देऊन टाक. आपल्याकडे नको ठेवूस."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी उंच फळी असेलच. आजच स्टूल घ्या, चढा, एक पुस्तक खाली काढा आणि उघडा. तुम्हाला वाचायचं नसेल तर वाचणाऱ्याला द्या, त्यात कसली आलीय लाज? आणि वेळ गेली असेल, तर हातात घेताच कळेल. अप्पांना कळलं तसं.