दोन कोसांचा आडोसा

त्या दुष्काळाच्या वर्षी आईच्या बांगड्या वाजेनाशा झाल्या. हातोड्याच्या दणक्याने काच फुटू नये म्हणून पहाटेच ती दोन्ही मनगटांना जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळी, आणि हनुवटीपर्यंत पदर ओढून, तिसगावच्या अलीकडच्या त्या निष्पर्ण, पांढुरक्या माळावरून एकटीच चालू लागे. एरवी ती घरात कुठे आहे हे मला बांगड्यांवरूनच कळायचं. आता ती निघून गेलेलीही कळायची नाही.

आमचं घर पाटलाचं. त्या घरातली सून कधी स्वतःच्या शेतावरसुद्धा राबली नव्हती. कणग्या रिकाम्या झाल्या होत्या, पण दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फेटा तसाच ताठ होता आणि जमिनीच्या उताऱ्यांची पेटी उशाशी होती. सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाते, असं आईने म्हटलं तेव्हा ते उसळले, "पाटलाची बायको खडी फोडनार? पोरीची सोयरीक जुळत आलीया. त्या लोकांच्या कानावर गेलं तर?"

"मग उतारं शिजवून घालू का पोरांना?" आई शांतपणे म्हणाली. "अब्रू मोहट्याच्या देवीआईच्या पायाशी ठिवलीया. ती झाकील."

माझं स्थळ आमच्याहून मोठ्या पाटलांच्या घरचं होतं. खरं सांगते, मला आईच्या हातांपेक्षा त्या सोयरिकीचीच काळजी जास्त होती. आईने तेही ओळखलं असावं. म्हणून गावाजवळचं काम सोडून, जिथे आपल्याला कुणी ओळखणार नाही अशा दोन कोसांवरच्या कामावर तिने नाव घातलं. दिवेलागणीला ती परते ती पदराच्या टोकाला आमच्यासाठी कामावर खायला मिळालेली सुकडी बांधूनच. फोडांनी भरलेले हात देवघरातल्या देवीच्या टाकासमोर जोडताना तिच्या मुद्रेवर श्रावणातल्या उन्हासारखं काहीतरी मऊ पसरलेलं असे. आम्ही घाबरून अर्धे झालो होतो आणि ही अशी निवांत! मला तिचा रागच यायचा.

एका दुपारी कामावरच्या बाया बाभळीखाली पाणी प्यायला जमल्या. तांब्या आईच्या हातात होता. समोर तिच्यासारखाच हनुवटीपर्यंत पदर ओढलेली एक बाई ओंजळ धरून बसली. तिच्याही मनगटाला चिंधी होती, आणि चिंधीखालून डोकावत होता हिरवा गोंदलेला विंचू. पंधराच दिवसांपूर्वी मला बघायला आलेल्या माझ्या होणाऱ्या सासूने माझ्या कपाळी कुंकू लावलं, तेव्हा तिच्या हातावर तो आईने पाहिला होता. गप्प राहिली असती तर दोघींचंही झाकलेलं राहिलं असतं. पण आई हळूच म्हणाली, "ईनबाई, तुमी?"

ओंजळ सुटली. थेंब थेंब मोलाचा असताना ते पाणी मातीत गेलं. मग पदराआडून आवाज आला, "हितं कोन वळखनार, म्हनून दोन कोस चालत येते बया!"

"मीबी त्यासाठीच की!"

आणि दोघी, दोन पाटलिणी, पदर खांद्यावर पडेपर्यंत हसल्या.

त्या संध्याकाळी आई आडवाटेने आली नाही; उघड्या तोंडाने, भर वेशीतून आली. सगळं सांगून ती टाकासमोर बसली आणि म्हणाली, "मी हिला झाक म्हनत हुते. हिनं उघडं करूनच तारलं."  दादांनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला, कपाळावरचा वळ चोळला आणि म्हणाले, "उद्या मलाबी उठव." कितीतरी महिन्यांनी त्या घराने मोकळा श्वास घेतला. माझ्या तर डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आईने मनगटाच्या चिंध्या सोडल्या, आणि भाकरी थापताना तिच्या बांगड्या पुन्हा वाजल्या.

माझं लग्न मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीवर, पन्नास माणसांत झालं. आता आई नाही, सासूबाईही नाहीत. त्यांनी फोडलेली खडी डांबराखाली कधीच दडून गेली आणि तिच्यावरून दिवसभर एसटी धावते. पण एखाद्या कातरवेळी जीव घाबरा झाला की काळाच्या किती थरांखालून ती किणकिण उमटते, आणि आई घरात कुठे आहे ते मला कळतं.