शेकाट्याचे पाय

नारायणरावांनी बटण दाबलं, लेन्स फिरवून कॅमेऱ्यापासून सोडवली आणि काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवून दिली.

"हीसुद्धा धूसर," ते म्हणाले.

सोमलिंगने लेन्स उचलली, तिला पुढून-मागून टोपणं लावली आणि आधीच्या दोन लेन्सच्या शेजारी उभी केली. नवी पेठेतलं त्याचं दुकान अरुंद होतं, दुपारचं ऊन थेट काउंटरपर्यंत आलं होतं. इंद्रायणी कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. कॉलेजच्या ऑफिसातून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. परीक्षेचे अर्ज टेबलावर तसेच पडले होते आणि नवऱ्याच्या लेन्सपायी टाकलेली ही काही पहिली रजा नव्हती.

"सर, तुमच्या बजेटमध्ये हिच्यावर काही नाही बघा," सोमलिंग म्हणाला. "लई लोक हीच नेतात की. परवा एकानं नान्नजच्या माळावर काळवीट काढलंय हिच्यावर. मिशा मोजून घ्या म्हणाला."

"त्याला दिसल्या असतील. मला समोरच्या पाटीवरची अक्षरं लागत नाहीयेत."

"मग मोठी घ्यावी लागंल." सोमलिंगने वरच्या कपाटाकडे नुसता हात केला. तिथल्या लांबलचक लेन्सच्या किमतीत मोटारसायकल आली असती, हे तिघांनाही माहीत होतं. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. "हां अव्वा, बर्तीनि," असं आईला कानडीत 'येतो' सांगून त्याने तो बंद केला आणि घड्याळाकडे पाहिलं. त्याचं जेवण राहिलं होतं.

इंद्रायणीला आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. हे सगळं दिवाळीच्या सुमारास सुरू झालं होतं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काहीतरी छंद हवा, म्हणून मुलाने, आशिषने, त्याच्या आदल्या वर्षी पुण्याहून कॅमेरा पाठवला होता. वर्षभर नारायणराव त्याच्यावर खूश होते. फाटकावरची जास्वंद, सिद्धेश्वर तलावाची संध्याकाळ, शेजारच्यांची मांजर. मग अचानक त्यांना लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स हवी झाली. परवडणारी, पण चांगली. एक ऑनलाइन मागवली आणि परत पाठवली, कारण तिची मोटर हळू होती. एक कुणाची तरी वापरलेली पाहिली, तिच्या काचेत म्हणे बुरशी होती. एकीत हात हलायचा, एकीत अंधार यायचा. रात्रंदिवस मोबाईलवर कुठलातरी माणूस लेन्सचे गुणदोष सांगत असायचा. आशिषही शेवटी फोनवर चिडला होता. "आई, एवढ्या पैशात एवढंच येतं. त्यांना समजावून सांग ना."

समजावणं नारायणरावांच्या बाबतीत कधीच सोपं नव्हतं. पण असे हट्टी, असे दुकानदारांशी हुज्जत घालणारे ते याआधी नव्हते.

ती उठली. "सोमलिंग, ही लेन्स आम्हाला रविवारपुरती द्याल? हिप्परग्याच्या तलावावर नेऊन बघतो. पसंत पडली तर ठेवू. नाहीतर सोमवारी परत आणून देईन, आणि पुन्हा तुम्हाला त्रास द्यायला येणार नाही. शब्द माझा."

"त्रास कसला, मॅडम," सोमलिंग म्हणाला खरा, पण लेन्स त्याने लगेच डबीत भरली.

रविवारी पहाटेच त्या दोघांनी तुळजापूर रस्ता धरला. स्कूटर तीच चालवत होती. गर्दीत नको वाटतं म्हणून नारायणरावांनी मधे कधीतरी गाडी तिच्या हवाली केली होती आणि पुन्हा मागितली नव्हती. मागे बसून ते पिशवी पोटाशी धरून होते.

तलावाचं पाणी बरंच मागे हटलं होतं. काठाच्या चिखलात पक्षी चरत होते. नारायणराव एका खडकावर बसले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि पुढचा तासभर इंद्रायणीने त्यांचं तेच ऐकलं. "छे." पुन्हा कॅमेऱ्याचा खटका. "छे, छे." ते स्क्रीन डोळ्यांजवळ नेत, मान तिरकी करून बघत, आणि पुन्हा कॅमेरा वर उचलत. थर्मासमधला चहा तिने दोनदा पुढे केला. दोन्ही वेळा त्यांनी तो घेतला आणि न पिता बाजूला ठेवला.

"तू काढून बघ एक," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे माझा हात हलतो का लेन्सच वाईट आहे ते कळेल."

"मला कुठे येतंय?"

"यायचंय काय त्यात? डोळा लाव, बटण अर्धं दाब. टिक वाजलं की पूर्ण दाब."

कॅमेरा तिला वाटला होता त्यापेक्षा जड होता. तिने डोळा लावला तेव्हा आधी नुसता चिखल दिसला, मग पाणी, आणि मग एक शेकाट्या. काळ्या पंखांचा, पांढऱ्या पोटाचा, काड्यांसारख्या लांब पायांवर तोल सांभाळत चाललेला. टिक वाजलं. तिने बटण दाबलं.

स्क्रीनवर तो आला तेव्हा ती स्वतःच चकित झाली. चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. गुलाबी पाय गुडघ्यात वाकलेले आणि खाली पाण्यात तेच पाय उलटे. पायावरचा चिखलाचा डागसुद्धा दिसत होता.

"अहो, बघा तरी!"

नारायणरावांनी कॅमेरा घेतला. जवळ नेला, लांब धरला, मान तिरकी केली.

"बघ. तुझ्या हातातही तेच. पाय कुठे आहेत याचे? शेकाट्या म्हणजे पाय. इथे नुसता काळा-पांढरा गोळा आहे."

तिने कॅमेरा परत घेतला. पाय होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ते पाण्याकडे तोंड करून बसले होते, कपाळाला आठ्या घालून, वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिल्यावर बसायचे तसे. चहाचा कप त्यांच्या शेजारी, खडकाच्या अगदी कडेला ठेवलेला होता. इतका कडेला की अर्धा तळ हवेतच होता.

दिवाळीपासूनचे दिवस तिच्या मनात एकेक करून फिरले. स्कूटर. पेपर तिलाच वाचायला लावणं, "तू वाचतेस तेव्हा बातमी बरी वाटते" म्हणत. लग्नाच्या मांडवात मेहुण्याला न ओळखता पुढे निघून जाणं आणि नंतर "मुद्दामच" म्हणून हसणं.

"हो," ती म्हणाली. "नाही आलेत नीट पाय."

तिने तो कप उचलून आत सरकवला.

परतताना रस्त्यालगतच्या टपरीशी तिने गाडी थांबवली. चहा सांगितला. नारायणराव बाकड्यावर बसून लेन्सबद्दलच बोलत होते. सोमवारी कुठल्या दुसऱ्या दुकानात जायचं ते.

"डोळ्यांचं काय झालंय?" तिने विचारलं.

टपरीवाल्याने ग्लास आणून ठेवले. ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली.

"दाखवून आलोय," ते म्हणाले. "दिवाळीआधीच."

"एकटेच?"

"रिक्षा केली होती."

"आणि?"

"पडद्याचा मधला भाग झिजतोय म्हणाले. दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं." त्यांनी ग्लासाच्या काठावरून बोट फिरवलं. "चष्म्याचं काम नाही. ऑपरेशनचंही नाही. ठार आंधळा होणार नाही, एवढं म्हणाले."

इंद्रायणीने ग्लास इतक्या जोरात ठेवला की चहा बाकड्यावर सांडला.

"मग ही लेन्स कशासाठी? त्या दुकानातल्या पोराला इतके दिवस वेठीला धरलंत, मी रजा टाकत राहिले, आशिषशी भांडलात. लेन्स वाईट, लेन्स वाईट. तुम्हाला ठाऊक होतं लेन्स वाईट नाही ते!"

"ठाऊक नव्हतं." ते तितक्याच चिडून म्हणाले. "मोबाईलवर अक्षरं मोठी केली की मला वाचता येतात. म्हटलं, पक्षी मोठा केला तर दिसेल. प्रत्येक वेळी वाटायचं, ही नाही, पण पुढची असेल. थोडी चांगली असेल, तर दिसेल."

तिने हातावर उडालेला चहा रुमालाने पुसला.

"आणि तुला सांगितलं असतं, तर तू लगेच रजा टाकून बसली असतीस."

"मग आत्तापर्यंत काय करत होते मी?"

टपरीवाला फडकं घेऊन आला आणि बाकडं पुसून गेला. इंद्रायणीने पैसे दिले आणि गाडी सुरू केली. मागे बसलेल्या नारायणरावांनी नेहमीसारखा तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. खड्डा आला तेव्हा मात्र तिनेच मागे हात करून त्यांचा हात ओढला आणि खांद्यावर ठेवला. रागातच.

सोमवारी ती ऑफिस सुटल्यावर दुकानात गेली. नारायणराव बरोबर आले. येऊ नका, असं ती म्हणाली नव्हती, आणि या असंही म्हणाली नव्हती. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

तिने डबी काउंटरवर ठेवली. सोमलिंगचा चेहरा पडला.

"नाही आवडली का सरांना?"

"लेन्स चांगली आहे. पण जड आहे. माझं मनगट दुखलं. याहून हलकी दाखवा."

सोमलिंगने तिच्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. "हलकी हाय की. पंचावन्न-अडीचशे एमएमची. स्वस्त पण पडंल. पण सर म्हणत होते तीनशेच्या खाली नको. लांबचं पुरत नाही म्हणून."

"सरांना विचारू नका," इंद्रायणी म्हणाली. "मला धरता येईल अशी द्या."

नारायणरावांनी घसा खाकरला. आता हे काही बोलतात, असं तिला वाटलं.

"स्टॅबिलायझर आहे ना तिला?" त्यांनी सोमलिंगला विचारलं. "हिचा हात हलतो."

"हाय की सर."

"मग बांध."

पुढच्या आठवड्यात ती त्यांच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली आणि तेच सगळं पुन्हा, या वेळी स्वतःच्या कानांनी ऐकून आली. वेगळं काही निघालं नाही. गोळ्या दिल्या, आणि समोर न बघता जरा बाजूला बघायची सवय करा म्हणाले. राग तिच्या मनातून पुरता गेला नव्हता. कधी पोळ्या लाटताना, कधी फाईल चाळताना तो अचानक वर यायचा. रिक्षाने, एकट्याने गेलेला तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर यायचा आणि तिला त्याला हलवून विचारावंसं वाटायचं.

रविवारी ते पुन्हा हिप्परग्याला गेले. या वेळी कॅमेरा तिच्या गळ्यात होता आणि थर्मास त्यांच्याकडे. तिचे पहिले बरेच फोटो चिखलाचे आले. एक तिच्या चपलेचा आला.

"बटण अर्धं दाबून थांबत नाहीस तू," नारायणराव म्हणाले. "घाई करतेस."

"तो थांबतो का माझ्यासाठी?"

"कोपर पोटाशी घे."

"घेतलंय."

"श्वास रोखून धर."

"तुम्ही आधी गप्प बसा, मग धरते."

ते गप्प बसले. मग एकाएकी त्यांनी तिचा दंड धरला.

"चक्रवाक. ऐक. ओरडायला लागलेत, आता उठतील. डावीकडून येतील, वाऱ्यावर."

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने कॅमेरा डावीकडे वळवला, आणि खरंच तळ्याच्या पलीकडच्या काठावरून विटकरी रंगाचा एक मोठा थवा उठला, पाण्यावर पसरला, आणि कर्कश ओरडत त्यांच्याच दिशेने आला. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिली. थवा डोक्यावरून गेला. पंखांचा वारा तिला कपाळावर लागल्यासारखा वाटला. शेजारी नारायणराव उभे राहिले होते. ते पक्ष्यांकडे पाहत नव्हते, पक्ष्यांच्या शेजारी पाहत होते, जराशी मान वळवून, आणि थवा दिसेनासा होईपर्यंत तसेच उभे होते.

"आला?" त्यांनी विचारलं. "काय आलं?"

इंद्रायणीने स्क्रीनवर पाहिलं. एक फोटो, दुसरा, तिसरा. तिने सगळे पाहिले; एकातही धड पक्षी नव्हता. नारायणराव वाट बघत होते. त्यांनी कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला नव्हता. ती सांगेल तेच त्यांना दिसणार होतं.

"काही नाही आलं," ती म्हणाली. "नुसतं पाणी. एकात अर्धा पंख आहे, तोही हललाय."

नारायणरावांनी मान डोलावली. मग ते खडकावर बसले आणि तिच्यासाठी जरा बाजूला सरकले.

"बसू मग," ते म्हणाले. "ऊन चढलं की ते परत उतरतात."