दोन मिनिटांवरचे वेस्ट्रे

मी एक जुनी वारापिशवी आहे, मित्रांनो. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांतल्या पापे बेटावर, छोट्याशा धावपट्टीच्या कडेला खांबाला टांगलेली. नारिंगी कापड, दोन्ही तोंडे उघडी. वारा कुठून येतो आणि किती जोराचा, ते मला पाहून वैमानिकाला कळते. समोरचे वेस्ट्रे बेट इथून पावणेतीन किलोमीटरवर. विमानाला लागतात दोन मिनिटे, वारा पाठीशी असला तर त्याहूनही कमी. एवढ्याशा उड्डाणाचे कौतुक म्हणून लांबून पाहुणे येतात, माझ्याबरोबर फोटो काढतात. मीही जरा फुगून घेते.

पण या दोन मिनिटांनी आमच्या माणसांना एक खोड लावली आहे. लंडनला जायचे तर आठवडाभर आधी बॅग भरतात. वेस्ट्रेला जायचे तर उद्या.

मेरनचे कुरण माझ्या खांबाला लागूनच. तिची थोरली बहीण सिबी वेस्ट्रेला राहायची. गेल्या एप्रिलात सिबीची छाती भरली आणि "एकदा येऊन जा" असा निरोप आला. विमानतळ सांभाळणारा मॅन्सी कुंपणापाशी आला.

"सकाळच्या विमानात जागा आहे. जातेस ना?"

"मेंढी व्यायला झालीय रे. ती मोकळी झाली की निघते."

"मेंढी मी बघतो की!"

"तू? गेल्या खेपेला तुलाच घाम फुटला होता! अरे, दोन मिनिटांचं तर विमान. इथं चहाचं आधण ठेवलं तर उकळायच्या आत तिच्या दारात असेन."

त्याच रात्री मेंढी व्याली. सकाळी वादळ आले.

मी वारा दाखवते, थांबवू शकत नाही. मी ताठ आडवी झाले की विमान उतरत नाही. होडीही बंद होती. तीन दिवस मेरन माझ्याखाली येऊन उभी राहिली. हातातल्या पिशवीत सिबीच्या आवडीच्या जवाच्या भाकऱ्या होत्या. पलीकडे सिबीच्या घराचे छप्पर दिसत होते.

"पड ना गं खाली," ती मला म्हणाली. "जराशी तरी पड."

मला किती वाटले पडावे! माझ्या शिवणी उसवल्या, पण पडता आले नाही. आणि खोटेच पडले असते, तर विमानातल्या माणसांचे काय झाले असते?

तिसऱ्या दुपारी मॅन्सी आला. "वेस्ट्रेहून फोन होता, मेरन. सिबी गेली. चल, घरी चल."

दफनाच्या दिवशी वाऱ्याचा मागमूस नव्हता. काळा कोट घातलेल्या मेरनने विमानात चढताना वर पाहिले.

"आज बरी गरीब गाय होऊन लोंबतेस!"

एरवी मी कधी मोजत नाही, त्या दिवशी मोजले. बरोबर दोन मिनिटांत ती पलीकडे उतरली.

मित्रांनो, आता माझे कापड विरले आहे, पुढच्या महिन्यात नवी वारापिशवी येईल. त्याआधी एवढेच मागते. तुमचेही कोणी दोन मिनिटांवर राहत असेल, तर आज वारा पडलेला आहे. निघा.