कोपऱ्यातल्या अकरा कबरी

सीता गेली तेव्हा अकरा महिन्यांची होती. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी सकाळी आकडी आली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सगळं संपलं.

तिचे वडील दत्तात्रेय परचुरे रेल्वेत कारकून. भुसावळहून बदली होऊन बनारसला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. बालाजी घाटाजवळ राहणारे ढुंढिराजशास्त्री निरोप मिळताच आले. एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणाले. मल्लाहाने नाव मधल्या धारेत नेली, पांढऱ्या कापडातल्या गाठोड्याला दगड बांधला आणि दत्तात्रेयांनी ते पाण्यात सोडलं. सीतेची आई, अंबिका, घरीच होती. तिला कोणी बरोबर घेतलं नव्हतं.

नंतर तिने एकदाच विचारलं, "नेमकं कुठं सोडलंत हो?"

दत्तात्रेयांना सांगता येईना. समोर भोसले घाट होता एवढं आठवत होतं. बाकी सगळीकडे पाणीच.

त्यानंतर अंबिका गंगेवर गेली नाही. संक्रांतीला नाही, कार्तिकातही नाही.

रेल्वेच्या क्वार्टरकडून बाजारात जाताना इंग्रजांचं एक जुनं कबरस्तान लागे. भिंत एका बाजूने ढासळलेली, आत शेळ्या चरत. एके दिवशी अंबिका सहज आत वळली. मागच्या कोपऱ्यात झुडपांखाली तिला एक चबुतरा दिसला. जेमतेम दोन हात लांब. कोणाचा असेल ते लांबीवरूनच कळत होतं.

रविवारी ती नवऱ्याला तिथे घेऊन गेली. "वाचा, काय लिहिलंय."

दत्तात्रेयांनी रुमालाने शेवाळ पुसलं. "एमिली. वय अकरा महिने चार दिवस. साल अठराशे एकतीस."

"आणि?"

"बाप पलटणीत होता. आईबापांनी हा दगड बसवला. बस, एवढंच."

अंबिका चबुतऱ्याशेजारी मातीत बसली. दत्तात्रेयांनी दोनदा चल म्हटलं, मग तेही थांबून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी दगड साफ करायला जाऊ लागली. डेनियल मसीह नावाचा म्हातारा चौकीदार होता. तो म्हणाला, "बहूजी, इनका तो कोई नहीं आता." तरी त्याने विहिरीची बादली आणून दिली. रेल्वेच्या पुलाच्या कामावर चुनारचा काशीनाथ नावाचा पाथरवट होता. दत्तात्रेयांनी त्याला एकदा बोलावून घेतलं. अंबिकाने भेगा बुजवायला सिमेंट आणून ठेवलं होतं. ते बघून त्याने मानच हलवली.

"सीमेंट मत लगाइए, माताजी. पत्थर का दम घुटेगा, दो बरसात में छिलका छोड़ देगा."

त्याने तिला चुना भिजत घालायला शिकवलं, त्यात विटांची भुकटी किती मिसळायची ते दाखवलं. भेगांत शिरलेली पिंपळाची मुळं ओढायची नाहीत, कापायची आणि आत सुकू द्यायची. दगड घासायचा तो काथ्याने, तारेच्या ब्रशने नाही.

कोपऱ्यात एकूण अकरा मुलं निघाली. अंबिका त्यांच्या दगडांवरूनच इंग्रजी अक्षरं शिकली. एमिली, जॉर्ज, हॅरिएट. दोघांना नावच नव्हतं, नुसतं 'मुलगा' असं कोरलेलं. घासताना ती एकेकाचं नाव मोठ्याने घेई. त्या दोघांपाशी आली की गप्प होई.

कॉलनीतल्या बायका बोलू लागल्या. ढुंढिराजशास्त्री घरी येऊन म्हणाले, "वहिनी, सवाष्णीनं असल्या जागी जाऊ नये."

"घरी आले की आंघोळ करते, शास्त्रीबुवा," अंबिका म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

पाच वर्षं अशी गेली. दुसरं मूल झालं नाही. अकराही चबुतरे उभे राहिले. मग एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "काशीनाथला एक लहानसा दगड करायला सांगू का? मसीहबाबा नाही म्हणायचे नाहीत. नुसतं नाव घालायचं. सीता."

दत्तात्रेय दचकले. "अगं, तिला गंगेत दिलंय. काशीत! याहून चांगली गती कुठली? आपल्यात दगड लावतात का?"

"गतीचं मला कळत नाही. मला जायला जागा हवी."

"आणि लोक काय म्हणतील?"

अंबिकाने तो विषय पुन्हा काढला नाही.

एकोणीसशे त्रेसष्ट साली कबरस्तानामागचा रस्ता रुंद करायचं ठरलं. आखणी नेमकी मुलांच्या कोपऱ्यातून गेली. मसीह धापा टाकत क्वार्टरवर सांगायला आला. अंबिका पिठाच्या हातांनीच निघाली.

रस्त्याच्या कामावरचा साहेब तरुण होता, उर्मट नव्हता. म्हणाला, "माताजी, पत्थर दीवार के पास रखवा देंगे. वैसे भी इन बच्चों का कोई आता तो है नहीं."

"मैं आती हूँ."

"आप इनकी कौन हैं?"

अंबिका पिठाचे हात पदराला पुसू लागली.

दत्तात्रेयांनी अर्ज केला. तीन कचेऱ्यांत गेले, उभे राहिले, साहेबांची वाट बघितली. उत्तर येण्याआधीच काम सुरू झालं. चुन्याचा सांधा पक्का होता, मजुरांना पहारी लावाव्या लागल्या. दोन सकाळींत अकरा चबुतरे निघाले. एमिलीचा दगड मधोमध तडकला. खाली कोणी खणलं नाही. त्यावर तशीच खडी पडली, मग डांबर.

त्या रात्री दत्तात्रेय म्हणाले, "मी उद्याच काशीनाथला सांगतो. सीतेच्या दगडाचं."

"आता कुठं लावायचा?"

"इथं. अंगणात."

"हे क्वार्टर आहे. उद्या तुमची बदली झाली की दुसरे येतील. त्यावर कपडे धुतील." ती भिंतीकडे वळून झोपली.

अंबिका मग कबरस्तानात गेली नाही. बाजारालाही ती लांबच्या वाटेने जाई. दत्तात्रेयांना मात्र कचेरीला त्या रुंद केलेल्या रस्त्यानेच जावं लागे. जिथे कबरी होत्या तेवढ्या तुकड्यावर ते सायकलवरून उतरून चालत. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. पावसाळ्यानंतर एकदा त्यांनी बघितलं, तर भिंतीशी रचलेले दगड नव्हते. गटाराच्या कडेला काही तुकडे बसवलेले दिसले. एकावर कोरलेल्या इंग्रजी अक्षराचा अर्धा भाग होता.

घरी पोचायला उशीर झाला.

"काय झालं?" अंबिकाने विचारलं.

"सायकल पंक्चर झाली."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पान वाढायला आत गेली.