दिवसा ऐकलेली गोष्ट

मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेवर वेणा नदीसारखा वाकडातिकडा तडा आहे. उन्हाळ्यात तो आटतो आणि पावसाळ्यात दुथडी भरून वाहतो. खोटं वाटत असेल तर बोट फिरवून पाहा मित्रांनो, मात्र बोट ओलं झालं तर मला बोल लावू नका.

माझ्या कारखान्याचं मला फारसं काही आठवत नाही. आठवतं ते हिंगणघाट. तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या गोपालने मला विकत घेतलं, तेव्हा माझा केवढा थाट होता! खिशातून काढलं की तो मला आधी शर्टाला पुसायचा. माझा उजेड असा पडायचा, की शेजारचे कोंबडे भलत्याच वेळी आरवायचे. मग नवा मोबाईल आला आणि माझी रवानगी गोपालच्या आईकडे, आनंदाबाईकडे झाली. ती मला कणकेच्या हाताने उचलायची.

पण या बाईच्या पोटात गोष्टींची कोठी होती. बोंडात लपलेली राजकन्या, भांडणारी बोरीची झाडं, काय काय! तिचे नियम दोनच. ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये ‘हूं’ म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्टही थांबली. आणि दिवा लागल्याशिवाय गोष्ट नाही, कारण दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. लहानपणी गोपालचा हुंकार म्हणे चार घरं पलीकडे ऐकू जायचा.

लेकीच्या, दिपालीच्या बाळंतपणासाठी आनंदाबाई बोरगाव मेघेला आली, मलाही घेऊन. दिपालीची थोरली सपना मोठी चतुर. रोज दिवेलागणीनंतर ती आजीला माझ्यासमोर बसवायची आणि गोष्ट इंटरनेटवर टाकायची. नियम तिने पाळला होता. पण मित्रांनो, इंटरनेटवर कुठली आली दिवेलागण? तिथे कोणी भाजी चिरता चिरता ऐकत होतं, कोणी बसमध्ये, आणि बरेचसे अर्ध्यातच पळून जात होते.

मग बाळाच्या जावळाचा दिवस उजाडला. जावळ मामाच्या मांडीवरच काढायचं, तेही बाराच्या आत. न्हावी वस्तरा परजून बसला होता. मामा म्हणजे गोपाल. भाच्याच्या नवसाची शेरणी, म्हणजे गोडाचा प्रसाद, चढवायला तो सकाळीच गिरडच्या दर्ग्यावर गेला होता. तिथून मोटरसायकलने थेट इकडे येणार होता. अकरा वाजून गेले तरी त्याचा पत्ता नव्हता आणि त्याचा फोनही बंद होता.

तेवढ्यात शेजारच्या शकुंतलाबाईंनी आनंदाबाईचं कौतुक मांडलं.

“तुमची गोष्ट लावल्याबिगर माया भात शिजत नाई. आत्ताच ऐकून आली, अर्धी.”

आनंदाबाईच्या हातातला हळदीकुंकवाचा करंडा खाली आला.

“आत्ता? भर दिवसा?”

“मंग काय, मोबाईलवर रात्र होते काय?”

आनंदाबाई मटकन खाली बसली. दिपालीने समजावलं, न्हाव्यानेही समजावलं. ती ऐकेना. ज्या रस्त्याने गोपाल येणार होता, त्या रस्त्यावरचे ट्रक तिला डोळ्यांसमोर दिसत होते. तिने सपनाला जवळ बोलावलं.

“मिटवून टाक सगळ्या.”

“आजी, सगळ्या काऊन?”

“माया पोरापरीस गोष्टी मोठ्या नाईत, बाई.”

सपनाने मला उचललं.  ‘काढून टाकायचं का?’ असं मी विचारतो ना, ती अक्षरं माझ्या काचेवर उमटली. माझी बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. मला वाटलं, डोळे मिटून घ्यावेत. पण मालकाचं बोट टेकल्यावर मोबाईलला नाही म्हणता येत नाही. बोट खाली येऊ लागलं.

आणि मी थरथरलो. बोंडातल्या राजकन्येच्या गोष्टीखाली कोणीतरी लिहिलं होतं. सपनाने मोठ्याने वाचलं.

“हूं. माय, मी गोपाल. रस्ता खोदलेला होता म्हणून गावातून आलो अन् भलतीकडे गेलतो. फोन बंद पडला, नंबर कोणाचा पाठ नाई. टपरीवर चहा प्यायला थांबलो तं तुया आवाज आला. टपरीवाल्याच्याच मोबाईलवरून लिहून राह्यलो. वाट विचारून घेतली. न्हाव्याले थांबवजो.”

 आनंदाबाईने पदराने आधी डोळे पुसले, मग मला.

“गोष्टीनंच हरवला,” ती म्हणाली, “अन् गोष्टीनंच हुडकला. राहू दे पोरी.”

बाराला थोडा अवकाश असताना धुळीने माखलेला गोपाल दारात उभा राहिला. बाळ त्याच्या मांडीवर बसलं आणि असं रडलं, की तो आवाज गिरडच्या टेकडीवर आपटून परत आला. मी स्वतः ऐकला.

आता आनंदाबाई प्रत्येक गोष्टीआधी सांगते, “मामा घरी पोचला काय, ते पाहा अन् मंगच ऐकजा.” खाली लोक लिहितात, पोचला. कोणी लिहितं, माझा आत्ताच निघाला, थांबतो.

माझी बॅटरी फुगली आहे. मित्रांनो, मी आज आहे, उद्या नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला भंगारात टाकण्याआधी त्याच्या पोटातला आवाज नीट काढून ठेवा. आणि गोष्ट कुठेही ऐका, पण अर्ध्यात सोडून पळू नका. एकदा तरी हूं म्हणा. कोणाचा तरी मामा अजून रस्त्यावर असेल.