परवानगी येईपर्यंत

या मित्रांनो, सरका जरा जवळ. गोष्ट एका जिवाची आहे; मन लावून ऐकाल तर सांगतो.

मी एक जुना वायरलेस संच आहे. मालवणच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांच्या कचेरीत माझी उमर गेली. मला सांभाळणारे गंगारामकाका कीर्तनवेडे. संध्याकाळी माझ्यातून ते समुद्रावरच्या होड्यांना ध्रुवाचं आख्यान ऐकवत. त्यांचा धाकटा भाऊ परशुराम होडीवरून ओरडे, "दादा, आटप तुझा आख्यान! जाळा वडूचा आसा!" तरी शेवटचा गजर सगळ्या होड्या मिळून करत. त्या गजराने माझ्या तारासुद्धा पावन होत.

एका सकाळी समुद्र फिरला. किनाऱ्यापासून लांब परशुरामची होडी लाटांनी फुटली; आत पाणी भरत होतं, पण तिच्यावरचा संच अजून चालू होता. आपलं हेलिकॉप्टर दूरच्या तळावरून निघालं होतं. तेवढ्यात माझ्यात एक परका आवाज आला. एका परदेशी युद्धनौकेचं हेलिकॉप्टर आपल्या हद्दीच्या कडेलाच होतं आणि त्याचा वैमानिक आत येऊ का, असं विचारत होता. परक्या लष्करी विमानाला सरकारने हो म्हटल्याशिवाय आपल्या आकाशात शिरता येत नाही, असा नियम आहे.

"दादा, माका विमान दिसता! हयसर कित्याक येणा नाय?"

"दुसऱ्या देशाच्या लष्कराचा आसा रे ता. दिल्लीसून परवानगी येवूक व्हयी."

"मगे तेका सांग, माझ्या होडयेर येवूक मी देतंय परवानगी!"

काका हसले, आणि हसतानाच रडले. "धीर धर, बाबू. येतली हां."

त्यांनी फोनवर फोन केले. एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवलं. दुसरीतले साहेब बैठकीत होते. वैमानिक घिरट्या घालत विचारतच राहिला.

परवानगी आली, मित्रांनो. मीच ती ऐकवली. पण तोवर परशुरामचा आवाज थांबला होता. ते परकं हेलिकॉप्टर पोचलं तेव्हा पाण्यावर नुसत्या फळ्या तरंगत होत्या. "सॉरी, ब्रदर," एवढंच वैमानिक म्हणाला.

आता तिथे नवा संच आहे. काका मला पुसतात, पण सुरू करत नाहीत. लोक नियमाला शिव्या देतात. काका म्हणतात, "नियम वायट नाय. हत्यार घेवन येणाऱ्यान दार वाजवूकच व्हया. पण दाराकडे कोणतरी जागो रवूक नको?"

मोठे होऊन तुम्ही अशा दाराशी बसलात, तर हाक येताच उठा, बाळांनो. आणि देवापुढे दिवा लावाल तेव्हा परशुरामबरोबर त्या परक्या वैमानिकाचीही आठवण करा. त्याचं नाव आम्हां कोणालाच ठाऊक नाही.